हामटा जोत ओलांडून चंद्रतालला: पायी जाणाऱ्यांसाठी सविस्तर माहिती

हिमाचलमधल्या चंद्रताल या तळ्याला आता गाडी जाते. मनालीत सकाळचा नाश्ता करून निघालं, अटल बोगद्यातून पलीकडे गेलं, की संध्याकाळच्या आत तळ्याजवळच्या तंबूत पोचता येतं. आणि त्याच रात्री अनेकांचं डोकं ठणकायला लागतं, जेवण नकोसं होतं, झोप लागत नाही. मनाली सुमारे ६,७०० फुटांवर आहे आणि चंद्रताल १४,००० फुटांच्या आसपास. एका दिवसात सात हजार फूट वर जाऊन तिथेच झोपणं शरीराला मानवत नाही.

पूर्वी हा प्रश्न यायचाच नाही. कुल्लूच्या खोऱ्यातून स्पीतीकडे जायचं तर पायी, हामटा गावावरून वर चढून, १४,००० फुटांची खिंड ओलांडून चंद्रा नदीच्या काठी उतरायचं आणि नदी धरून वर जायचं. कांगडा-चंब्याकडचे गद्दी मेंढपाळ उन्हाळ्यात लाहौलच्या कुरणांकडे कळप नेतात, तेही अशाच खिंडींमधून. खिंडीला ते ‘जोत’ म्हणतात. रोहतांगवरून मोटाररस्ता झाला तसं या वाटेवरून होणारं माणसांचं येणं-जाणं आटलं, पण मेंढ्या आजही जातात आणि त्यांच्या खुरांनी वाट मोडू दिलेली नाही. आपल्याकडचे ट्रेकर हिला ‘हम्पता पास’ म्हणतात. गाव हामटा, म्हणून मी हामटाच लिहितो.

मी या वाटेने तीनदा गेलो आहे: एकदा जूनमध्ये, एकदा ऑगस्टमध्ये, एकदा सप्टेंबरमध्ये. तिन्ही वेळा पटलं ते हे, की चंद्रतालला पोचण्याची ही जुनी वाट नुसती देखणी नाही, ती शहाणी आहे. ती माणसाला पायरीपायरीने उंचीची सवय लावते. मात्र हल्ली चार-पाच दिवसांचे जे कार्यक्रम आखले जातात, त्यांत ही सवय व्हायला एक दिवस कमी पडतो. तो दिवस कुठे घालायचा, हे पुढे येईलच.

कधी जायचं

जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत वाट साधारण चालू असते, पण या चार महिन्यांत ही एकच वाट तीन रूपं दाखवते.

जूनच्या उत्तरार्धात जोतावर आणि पलीकडच्या उतारावर भरपूर बर्फ असतो. चढ एका अर्थी सोपा होतो, कारण दगडधोंडे बर्फाखाली गेलेले असतात. पण नाल्यांवर बर्फाचे पूल असतात आणि ते मधोमध पातळ होत जातात. काठीने ठोकून पोकळ आवाज आला तर त्यावर पाय द्यायचा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कुल्लूची बाजू हिरवीगार, फुलांनी भरलेली, आणि रोज भिजवणारी. जोत ओलांडलं की पलीकडे लाहौलमध्ये पाऊस जवळजवळ संपतो. एका दिवसात कोकणातून थेट एखाद्या कोरड्या वाळवंटात उतरल्यासारखं वाटतं. हा बदल पाहायचा असेल तर ऑगस्टच. सप्टेंबरमध्ये आकाश धुतल्यासारखं असतं, नाल्यांचं पाणी उतरलेलं असतं, पण रात्री पारा शून्याखाली जातो.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सुचवेन. मात्र कुठल्याही महिन्यात दोन दिवस हातचे राखूनच परतीचं तिकीट काढा. सप्टेंबर २०१८ मध्ये अवेळी बर्फ पडून जोतापलीकडच्या छत्रूत आणि आसपासच्या भागात शेकडो माणसं अडकली होती, काहींना हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. जुलै २०२३ मध्ये चंद्रतालच्या तंबूंत अडीचशेच्या वर पर्यटक अडकले. जुलैमध्ये! तेव्हा ‘आता बर्फ कुठला’ असं गृहीत धरू नका.

आधीचे दोन महिने

सह्याद्रीत चालणाऱ्याला हामटाचं अंतर जड नाही. चाल सुरू होते ते जोबरा ते छत्रू पंचवीस-सव्वीस किलोमीटर, तेही चार टप्प्यांत. राजगड-तोरणा एका दिवसात केलेल्याला हा आकडा किरकोळ वाटेल, आणि धोका तिथेच आहे. आपण सह्याद्रीत वेग कमावतो. आतकरवाडीतून सिंहगड किती मिनिटांत चढला, याचा हिशोब ठेवतो. १४,००० फुटांवर दर श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के असतो. तिथे वेगवान माणूस आधी बसतो. माझ्या गटात सर्वांत आधी डोकं धरून बसलेला मुलगा आमच्यातला सर्वांत दमदार धावपटू होता.

म्हणून तयारी दोन प्रकारची करा. आठवड्यातून चार दिवस पाच किलोमीटर धावणं किंवा भरभर चालणं. पस्तीस-चाळीस मिनिटांत पाच किलोमीटर न थांबता जमले की दम पुरेसा आहे असं समजा. आणि आठवड्यातून एकदा पाठीवर सात-आठ किलोची सॅक घेऊन सिंहगड, कळसूबाई, जवळचा कुठलाही चढ, पण मुद्दाम हळू. इतकं हळू की चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. हे हळू चालणं वाटतं तेवढं सोपं नाही, सवयीने येतं. उतरण्याचाही सराव करा, कारण जोताच्या पलीकडच्या उतारावर गुडघ्यांची कसोटी लागते. जिने उतरणं, एका पायावर हळू बैठका, एवढं पुरे.

रक्तदाब, दमा, हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. उंचीचा त्रास टाळायला घेतात ती डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही, तेही तेव्हाच विचारा. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. गटातल्या कुणाचं ऐकून ती गोळी परस्पर घेऊ नका.

पाठीवर काय

बुटांपासून सुरुवात. घोट्याच्या वर येणारे, पाणी न शिरणारे, खोल नक्षीच्या तळव्याचे बूट घ्या आणि निघण्यापूर्वी किमान महिनाभर वापरा. कातळावर झकास पकड देणारे आपले हलके कापडी बूट ओल्या बर्फात तासाभरात भिजतात. त्याशिवाय मागे पट्टा असलेल्या सँडल हव्यातच, नाला ओलांडायला. अनवाणी किंवा चपलेवर नाला ओलांडू नका.

कपडे थराथराने. अंगालगत घाम लवकर वाळवणारा टी-शर्ट, त्यावर फ्लीस, वर पिसांचं किंवा जाड जॅकेट आणि सगळ्यांवर वारा-पाऊस अडवणारा थर. जीन्स आणि सुती बनियन घरी ठेवा, भिजलं की वाळत नाही आणि अंगातली ऊब खेचून घेतं. लोकरीचे मोजे दोन जोड्या, आणि त्यातली एक जोडी फक्त झोपताना वापरायची. कानटोपी, हातमोजे दोन प्रकारचे, काळा चष्मा. चष्मा हौसेचा नाही: बर्फावरून परतणाऱ्या उन्हाने डोळे एका दिवसात सुजतात आणि पुढचे दोन दिवस उघडत नाहीत. डोक्याचा दिवा, दोन काठ्या, दोन लिटर पाण्याची सोय, शिट्टी. सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी आणि सगळं सामान त्या पिशवीत. बाहेरचं रेनकव्हर वाऱ्याने उडतं, आतली पिशवी उडत नाही.

खाऊ घरचाच बरा. राजगिऱ्याची वडी, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, सुकं खोबरं आणि गूळ. उंचीवर भूक मरते आणि गोडही नकोसं होतं, म्हणून थोडं आंबट-तिखट जवळ असू द्या. मेतकूट-भाताने आमच्या तंबूतल्या दोघांना तिसऱ्या रात्री जेवायला लावलं होतं.

मनाली: दोन रात्री

मुंबई-पुण्याहून दिल्ली किंवा चंदीगडपर्यंत रेल्वे वा विमान, पुढे रात्रीची बस. बसमधून सकाळी उतरून त्याच दिवशी जोबऱ्याला निघणं ही नेहमीची चूक आहे. न झोपलेलं, पाणी कमी प्यालेलं शरीर उंचीवर नेऊ नका. मनालीत दोन रात्री काढा. मधल्या दिवशी जुन्या मनालीत किंवा सेथन गावाच्या बाजूला रमतगमत फिरा. सेथन सुमारे ९,००० फुटांवर आहे, तेवढं वर जाऊन खाली येऊन झोपलात तर उत्तम.

याच दिवशी वाटाड्या, तंबू, खेचरं यांची बोलणी पूर्ण करा. एकट्याने ही वाट करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. वाट चुकण्यापेक्षा नाला आणि धुकं ही कारणं जास्त मोठी आहेत. ज्यांच्याबरोबर जाणार, त्यांना चार प्रश्न विचारा: प्राणवायूचं सिलिंडर आणि दोर बरोबर आहे का, गटाला किती वाटाडे, वनखात्याकडची नोंद कोण करणार, आणि हवा बिघडली तर जास्तीचा एक दिवस थांबण्याची तयारी आहे का. चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘बघू’ असं आलं तर दुसरीकडे चौकशी करा. ऑगस्टच्या खेपेला मी हे विचारलं नव्हतं, आणि बालू का घेरा या वाटेवरच्या मुक्कामात पाऊस लागला तेव्हा रेशन संपत आल्याचं आम्हाला रात्री नऊ वाजता समजलं. शेजारच्या तंबूतल्या लोकांनी डाळ-तांदूळ दिले म्हणून थांबता आलं.

पहिला दिवस: जोबरा ते चिका

मनालीहून प्रीणी गावावरून हामटाकडचा वळणावळणांचा घाट चढून गाडी जोबऱ्याला सोडते. उंची सुमारे ९,८०० फूट. इथून चिकापर्यंत जेमतेम दोन-अडीच तासांची चाल. देवदार, मॅपल, पुढे भूर्ज. भूर्जाची पांढरी साल कागदासारखी सुटत असते. तिला हात लावून पाहा, पण सोलू नका.

चिकाला लवकर पोचाल. पोचल्यावर आडवं होऊ नका. सॅक ठेवा, पाणी प्या आणि तासाभराने समोरच्या उतारावर दीड-दोनशे फूट चढून या. वर जाऊन खाली झोपायचं, हा नियम आजपासून सुरू.

मोबाइलची रेंज जोबऱ्यापलीकडे धरून चालू नका. घरी आधीच सांगून ठेवा की पाच-सहा दिवस फोन लागणार नाही.

दुसरा दिवस: चिका ते बालू का घेरा

आठ-नऊ किलोमीटर, पाच ते सहा तास. झाडं हळूहळू संपतात, खोरं रुंद होतं आणि दोन्ही बाजूंच्या कड्यांवरून पाण्याच्या धारा उतरताना दिसतात. वाटेत ज्वारा नावाच्या जागी नाला ओलांडावा लागतो. जोतापलीकडच्या मोठ्या नाल्याची ही रंगीत तालीम समजा. नंतर मोठमोठ्या धोंड्यांतून वाट जाते. तिथे काठ्या अडचणीच्या होतात, एक आवरून ठेवा आणि हात मोकळा ठेवा.

ज्वाऱ्याच्या अलीकडे आम्हाला एक गद्दी मेंढपाळ भेटला होता. अंगात जाड लोकरीचा चोला, कमरेला काळ्या लोकरीच्या दोराचे वेढेच वेढे. त्या दोराला ते ‘डोरा’ म्हणतात. चोल्याच्या छातीपाशी काहीतरी हललं आणि कोकराचं तोंड बाहेर आलं. आदल्या रात्री जन्मलेलं, म्हणून त्याला चालवायचं नव्हतं. मी विचारलं, “भाईजी, जोत कैसा है?” त्याने वर नाही पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. “आज कहाँ रुकोगे? घेरे में? दो दिन रुको,” म्हणाला. तेव्हापासून मी तिथे दोन दिवस थांबतो.

तिसरा दिवस: थांबायचा

हाच तो जास्तीचा दिवस. बालू का घेरा म्हणजे वाळूचा वेढा. डोंगरांच्या कोंडाळ्यात पाण्याने पसरलेलं वाळूचं सपाट पात्र, आणि कडेला तंबू. उंची १२,००० फुटांच्या जरा अलीकडे-पलीकडे. चिकाहून दीड-पावणेदोन हजार फूट वर आलेलो असतो. उंचीच्या आजारांवरचे तज्ज्ञ सांगतात की दहा हजार फुटांनंतर झोपण्याची जागा रोज साधारण दीड हजार फुटांपेक्षा जास्त वर नेऊ नये. म्हणजे इथे आपण ती मर्यादा आधीच गाठलेली असते, आणि पुढचा मुक्काम आणखी हजार फूट वर, तोही १४,००० फूट ओलांडून.

थांबण्याचं त्याहून मोठं कारण वेगळं आहे. जोत ओलांडलं की मागे फिरणं संपतं. जोतापलीकडच्या मुक्कामात, सियागोरूला, रात्री कुणाचा श्वास बिघडला तर खाली उतरवायचं म्हणजे पुढे, नाला ओलांडून छत्रूकडे. मागे जायचं तर आधी पुन्हा १४,००० फूट चढायचं, आणि आजारी माणसाला वर नेणं हा उपाय नाही. म्हणून ‘जायचं की परतायचं’ हा निर्णय बालू का घेऱ्यातच, पूर्ण शुद्धीत, सगळ्यांनी मिळून घ्यायचा असतो.

या दिवशी सकाळी हलका नाश्ता करून जोताच्या दिशेने हजारेक फूट वर जाऊन या आणि दुपारपर्यंत तंबूत परत. संध्याकाळी प्रत्येकाची चौकशी करा. नुसतं ‘बरं आहेस ना’ असं विचारू नका, त्यावर सगळे ‘हो’च म्हणतात. डोकं दुखतंय का, किती वेळ, जेवलास किती, लघवीला किती वेळा गेलास, असं विचारा. थोडं डोकं दुखणं, भूक मंदावणं, झोप तुटणं इथे अनेकांना होतं. पाणी, विश्रांती, फार तर एक पॅरासिटामॉल, आणि ते उतरतं. दुखणं वाढत असेल, उलट्या होत असतील, तर पुढे जायचं नाही.

दोन लक्षणं मात्र वाट पाहण्याची नाहीत. बसल्या जागी धाप लागणं, खोकला, छातीत घरघर: फुप्फुसात पाणी भरायला लागलंय. आणि दारू प्यायल्यासारखा तोल जाणं, असंबद्ध बोलणं: मेंदूवर सूज येते आहे. संशय आला तर जमिनीवर रेघ ओढा आणि एका पावलाला दुसरं पाऊल जोडत त्या रेघेवर चालायला सांगा. जमलं नाही तर लगेच खाली, मध्यरात्र असली तरी. प्राणवायू आणि औषधं उतरायला वेळ मिळवून देतात, उतरण्याऐवजी वापरायची नसतात. रक्तातला प्राणवायू मोजणारं, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर जवळ असू द्या, पण त्या आकड्यापेक्षा समोरच्या माणसाकडे पाहा.

चौथा दिवस: जोत

पहाटे साडेचार-पाचला निघा. आठ-नऊ तासांचा दिवस आहे आणि दुपारनंतर जोतावर ढग येतात, वारा सुटतो, बर्फ मऊ पडून पाय रुतायला लागतात. माथा दहा-अकराच्या आत गाठायचा.

चढ एका दमाचा नाही. हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीच्या उंचवट्यांवरून वाट वर जाते, आणि प्रत्येक उंचवट्यावर वाटतं की आलं, आणि पुढे दुसरा उभा असतो. असे तीन-चार खोटे माथे आहेत. हे आधी माहीत असलं की मन खचत नाही. चालण्याची लय अशी: एक पाऊल, एक श्वास. उभ्या टप्प्यावर पुढचा पाय टेकवून मागचा गुडघा क्षणभर सरळ करून त्यावर भार टाकायचा, मांडीला तेवढीच विश्रांती मिळते. दर अर्ध्या तासाला पाणी, तहान नसली तरी. बसायचं नाही, उभ्यानेच थांबायचं, कारण बसलं की थंडी आत शिरते.

जूनमध्ये गेलात तर बर्फात पुढच्याच्या पावलांवर पाऊल टाका. चढताना बुटाचं टोक, उतरताना टाच आधी रोवा. उतारावरून बसून घसरत जाण्याचा मोह होतो. खालचा भाग पूर्ण दिसत असेल, मध्ये दगड नसतील आणि वाटाड्या आधी जाऊन ‘या’ म्हणाला असेल तरच.

वरून इंद्रासन दिसतो. उंची ६,२२१ मीटर. त्याचा शेजारी देव टिब्बा ६,००१ मीटर. हवा स्वच्छ असेल तर अर्धा तास थांबा. दगडांच्या राशीवर गद्दींनी आणि ट्रेकरांनी बांधलेल्या पताका फडफडत असतात. नमस्कार करा आणि निघा.

माझ्या मते खरी परीक्षा आता सुरू होते. सियागोरूकडचा उतार तीव्र आहे. घसारा, सुटे दगड, लवकरच्या हंगामात बर्फाचे पट्टे. दोन-अडीच तास उतरायचं, तेही चढून दमल्यावर आणि ‘आता झालं’ असं मन म्हणत असताना. घसरतात ते लोक इथेच. बुटांच्या नाड्या माथ्यावरच घट्ट करा म्हणजे अंगठा पुढे आपटणार नाही. काठ्या थोड्या लांब करा. गुडघे किंचित वाकलेले, पावलं आखूड. कुणी कुणाच्या थेट खाली उभं राहायचं नाही, आणि दगड निसटला तर जोरात ओरडून खालच्यांना सावध करायचं.

खाली सियागोरूची सपाटी, उंची तेरा हजार फुटांच्या जवळपास. ही या वाटेवरची सर्वांत थंड रात्र. पाण्याची बाटली झोपायच्या पिशवीत घ्या, उद्याचे मोजेही.

पाचवा दिवस: सियागोरूचा नाला आणि छत्रू

तंबूपासून थोड्याच अंतरावर नाला आहे. हिमनदीचं पाणी, म्हणजे रात्री गोठल्यामुळे पहाटे कमी आणि ऊन चढेल तसं वाढत जाणारं. सहा-साडेसहाला ओलांडलात तर गुडघ्यापर्यंत, दुपारी तोच मांडीपर्यंत. थंडी वाजते म्हणून ‘ऊन आल्यावर जाऊ’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

पद्धत अशी. बूट काढून नाड्या एकमेकींना बांधा आणि सॅकच्या वर नीट अडकवा, हातात नको. मोजे काढून सॅकमध्ये कोरडे ठेवा, पायात सँडल. पँट गुडघ्याच्या वर. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर सॅक टाकून देता येईल. पाणी आपटत, फेसाळत एका धारेत वाहतंय तिथे नाही, पसरून दोन-तीन धारा झाल्या आहेत तिथे ओलांडायचं. तोंड प्रवाहाकडे किंचित तिरपं, काठी प्रवाहाच्या वरच्या अंगाला, आणि एका वेळी एकच आधार हलवायचा: काठी, मग एक पाय, मग दुसरा. पाय उचलून टाकायचा नाही, तळाला घासत सरकवायचा. चार-पाच जणांनी एकमेकांच्या सॅकचे खांद्याचे पट्टे धरून साखळी केली तर सर्वांत चांगलं, वजनदार माणूस वरच्या अंगाला. पाण्याकडे टक लावून पाहू नका, गरगरतं. नजर पलीकडच्या काठावर.

पहिल्या दहा सेकंदांत पाय दुखतात, सुया टोचल्यासारखे. मग दुखणं थांबतं आणि पाय आहेत की नाहीत ते कळेनासं होतं. हे दुसरं जास्त जपण्यासारखं, कारण पाऊल कुठे पडतंय याचा अंदाज जातो. मावसभावाचा पाय इथे दोन दगडांत अडकला होता आणि त्याला ते समजलंच नाही, तो पुढे झुकत राहिला. मागच्याने सॅकचा पट्टा धरलेला होता म्हणून तो उभा राहिला. पलीकडे गेल्यावर करंगळीचं नख उचकटलेलं, आणि रक्त यायला तीन-चार मिनिटं लागली, इतकं ते पाऊल गारठलं होतं. पलीकडे पोचलात की लगेच टॉवेलने पाय कोरडे करा, चोळू नका, दोन्ही हातांत धरून ऊब द्या आणि कोरडे मोजे घाला. टॉवेल सॅकच्या वरच्या कप्प्यात हवा, तळाशी नव्हे.

पाणी मांडीच्या वर असेल तर ओलांडायचं नाही. थांबायचं, पाणी उतरण्याची वाट पाहायची. हामटा उद्याही ओलांडता येतो.

पुढे चार-पाच तासांची उतरण. ओसाड, तपकिरी, दोन्ही बाजूंना उघडे कडे. मग चंद्रा नदीचं रुंद राखाडी पात्र दिसतं, तिच्यावरचा पूल आणि छत्रूच्या ढाब्यांचे पत्रे. छत्रू ११,००० फुटांवर. सियागोरूहून दोन हजार फूट खाली आल्यामुळे इथे छान भूक लागते. राजमा-भात खा आणि इथेच मुक्काम करा. त्याच दुपारी चंद्रतालला जाऊन परतायचा कार्यक्रम बरेच जण आखतात. मी तो करणार नाही. दुपारी त्या रस्त्यावर ओढ्यांचं पाणी वाढतं, आणि तळ्यावर पोचून जेमतेम अर्धा तास मिळतो.

सहावा दिवस: चंद्रताल

छत्रू ते बातल साधारण तीस किलोमीटर, छोटा दडावरून. रस्ता म्हणजे बऱ्याच ठिकाणी दगडांची रास, गाडीला अडीच-तीन तास सहज लागतात. बातलला ढाब्यावर चहा घ्या. तिथून चंद्रताल सुमारे १४ किलोमीटर, कुंझुम खिंडीच्या वाटेवरून डावीकडे फुटणारा अरुंद रस्ता, एका बाजूला खोल चंद्रा. पाय चांगले असतील तर बातलहून हा टप्पा चालत करा. जुनी वाट पूर्ण केल्यासारखं होतं, चार-पाच तास लागतात आणि एव्हाना उंची अंगवळणी पडलेली असते.

तंबू तळ्यापासून काही किलोमीटर अलीकडे. काठावर मुक्कामाला बंदी आहे. २००५ पासून चंद्रताल रामसर यादीतली पाणथळ जागा आहे आणि ४९ हेक्टरच्या त्या पाण्याला आपल्या तंबूंचा, साबणाचा, शौचाचा भार नको. गाडीतळ सोडून शेवटची चाल पायीच.

पहिल्यांदा तळं दिसतं ते एका उंचवट्यावरून, एकदम. चंद्रकोरीसारखा आकार, म्हणून चंद्रताल. काठाजवळ पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे मोजता येतात, पुढे हिरवं, मग निळं, आणि ढग सरकला की हे सगळे रंग जागा बदलतात. पहाटे वारा पडलेला असतो तेव्हा जा, पलीकडचे डोंगर पाण्यात उलटे उभे दिसतात. प्रदक्षिणा घालायची तर तळं उजव्या हाताला ठेवून, सावकाश तासभर. पोहू नका. पाणी जीवघेणं थंड आहे, आणि स्थानिकांसाठी ही जागा पवित्र आहे. स्वर्गारोहणाच्या वेळी इंद्राचा रथ युधिष्ठिराला न्यायला इथेच आला, असं ते मानतात.

कचऱ्याची पिशवी मनालीपर्यंत परत न्यायची. चिक्कीचा कागदसुद्धा.

परतताना

सकाळी सातच्या आत निघा, म्हणजे बातल-छत्रूमधले ओढे कमी पाण्यात पार होतात. ग्रांफू, कोकसर आणि मग ९ किलोमीटरचा अटल बोगदा, की मनाली. तीन ऑक्टोबर २०२० ला तो सुरू झाल्यापासून रोहतांगचा घाट चढावा लागत नाही.

पण दोन-तीन तास हाताशी असतील तर बोगद्यात न वळता सरळ खाली तांदीपर्यंत जा. आपण चार दिवस जिच्या खोऱ्यात होतो ती चंद्रा आणि बारालाचा खिंडीकडून येणारी भागा तिथे एकमेकींना भेटतात. चंद्राची लेक चंद्रा आणि सूर्याचा मुलगा भागा यांचं लग्न इथे लागलं, अशी लाहौलमधली कथा आहे. इथून पुढे नदीचं नाव चंद्रभागा, आणि तिलाच खाली चिनाब म्हणतात. लाहौलचे लोक आपल्या माणसांच्या अस्थी याच संगमात सोडतात. पंढरपूरच्या वाळवंटात लहानपणी ऐकलेलं नाव तिथल्या पाटीवर वाचलं तेव्हा माझ्या आईने गाडी थांबवायला लावली, खाली उतरून पाणी डोळ्यांना लावलं आणि एका लहान बाटलीत भरून घेतलं. गाडीत डिझेल भरायचं असेल तर तांदीतच पंप आहे.